मोठी सेडान: नवी व्हर्ना घ्यावी की जुनी ऑक्टाव्हिया?

एसयूव्हीच्या लाटेत मोठ्या सेडान एकेक करून गेल्या. टोयोटाची कोरोला अल्टिस २०२० मध्ये बंद झाली, होंडाची सिव्हिक त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ह्युंदाईची एलांट्रा २०२२ मध्ये, आणि स्कोडाच्या ऑक्टाव्हिया-सुपर्ब या जोडीचं इथलं उत्पादन २०२३ मध्ये. शोरूममध्ये आता होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस ही मधल्या आकाराची चौकडी मिळते. त्यापुढे थेट पन्नास लाखांच्या घरातली कॅमरी. मारुतीची सियाझसुद्धा २०२५ मध्ये थांबली.

त्यामुळे बारा-पंधरा लाख घेऊन निघालेल्या कुटुंबापुढे दोन वाटा असतात: नवी पण मधली, किंवा वापरलेली पण खरोखर मोठी. दुसरी वाट स्वस्त दिसते, कारण या गाड्यांना गिऱ्हाईक कमी आणि भाव लवकर पडतो. पण गाडीचा भाव पडला म्हणून तिच्या हेडलाइटचा भाव पडत नाही. वीस लाखांची ऑक्टाव्हिया आठ लाखांना आणली, तरी तिचे सुटे भाग वीस लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी कंपनीच्या पार्ट काउंटरवर जाऊन पाच वस्तूंचे भाव लिहून घ्या: एक हेडलाइट, पुढचा बंपर, पुढची काच, पुढच्या शॉकअपची जोडी, आणि क्लच किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मुख्य काम. शिवाय यातलं काय हातोहात मिळतं आणि कशाला महिनाभर थांबावं लागतं, हेही विचारा. हा कागद बघून पोटात गोळा आला, तर नवी मधली सेडान घ्या, सुखी राहाल.

इन्शुरन्समध्येही फरक पडतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये आहे, १५०० सीसीच्या वर तो ७,८९७. अल्टिस आणि सिव्हिकचं पेट्रोल इंजिन १.८ लिटरचं, म्हणजे वरच्या दरातलं.

आधी माणसं मोजा

ब्रोशरमधला व्हीलबेस वाचून मागची जागा कळत नाही. घरातल्या सगळ्यात उंच माणसाने ड्रायव्हरची सीट आपल्याला हवी तशी लावावी, मग दुसऱ्या उंच माणसाने नेमकं तिच्या मागे बसावं. गुडघ्यापुढे चार बोटं जागा राहिली की पुरे. त्यानंतर डोकं. आजकालच्या सेडानचं छत मागे उतरतं, आणि पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसाचे केस छताला घासतात. शोरूममधला सेल्समन बहुधा पुढची सीट आधीच पुढे सरकवून ठेवतो, हे ध्यानात असू द्या.

आजी-आजोबांना नेलंच पाहिजे. सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना गुडघ्यांवर भार येतो. दोनदा चढा-उतरायला सांगा. दुसऱ्यांदा ते दाराचा वरचा कठडा धरत असतील तर ही गाडी त्यांच्यासाठी नाही, मग ती कितीही आवडलेली असो. मागे मध्ये बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा पट्टा आणि हेडरेस्ट आहे का, हे बघा. लहान मूल असेल तर त्याची सीट सोबत नेऊन आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवून पाहा.

डिकीचे आकडे सगळ्यांचेच पाचशे लिटरच्या आसपास: सिटी ५०६, स्लाव्हिया ५२१, व्हर्ना ५२८. यातला एक सापळा म्हणजे सिटीची हायब्रिड. बॅटरी मागे असल्याने तिची डिकी ३०६ लिटरवर येते. चार जणांचं गावाला जायचं सामान त्यात बसत नाही. ऑक्टाव्हियाची डिकी ५९० लिटरची, आणि ती मागच्या काचेसकट वर उघडते. गणपतीची दीड-दोन फुटी मूर्ती उभी आणायची असेल तर नेहमीच्या सेडानच्या डिकीत ती जात नाही, इथे जाते.

पार्किंगही मोजा. या गाड्या साडेचार मीटरपेक्षा लांब आहेत, सुपर्ब आणि कॅमरी पावणेपाचच्या पुढे. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर मात्र सेडानचा फायदा आहे: उंची दीड मीटरच्या आसपास असल्याने एसयूव्हीला नाकारणाऱ्या कप्प्यात ती बसते.

इंजिन आणि गिअरबॉक्स

नवी घेताना डिझेलचा प्रश्न या वर्गात उरलेला नाही; सिटी आणि व्हर्नाची डिझेल २०२३ मध्ये संपली, स्कोडा-फोक्सवॅगनने तर २०२० मध्येच डिझेल सोडलं. वापरलेली बीएस-६ डिझेल घेताय तर तुमचं रोजचं अंतर बघा. तिच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळावी लागते. घर ते ऑफिस पाच किलोमीटर असेल तर फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो.

ऑटोमॅटिक सगळ्या सारख्या नसतात, आणि जुन्या गाडीत खरी जोखीम इथेच आहे. ऑक्टाव्हिया आणि सुपर्बच्या १.८ टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता. गर्दीत इंच-इंच सरकताना हे क्लच तापतात आणि झिजतात; त्याचा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक भाग, ज्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात, गेला तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. ऑक्टाव्हियाच्या २.० डिझेलचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, जास्त टिकाऊ. फक्त त्याचं तेल ठरल्या किलोमीटरला बदललेलं बिलावर दिसायला हवं. नव्या स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये १.० लिटरला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा ऑटोमॅटिक) मिळतो आणि १.५ लिटरला डीएसजी. रोज सिंहगड रोड किंवा घोडबंदर रोडची कोंडी असेल तर आमची पसंती टॉर्क कन्व्हर्टरला. सिटी, सिव्हिक, अल्टिस यांचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) शहरात लोण्यासारखा चालतो, घाटात जोर मागितला की आवाज करतो पण सहसा त्रास देत नाही.

कटकट नको असेल तर जुन्यांत अल्टिस. चालवायची हौस आणि चांगला मेकॅनिक असेल तर ऑक्टाव्हिया. सिव्हिक दिसायला देखणी, पण पोट जमिनीजवळ. पाच माणसं बसवून तुमच्याच सोसायटीच्या गतिरोधकावरून नेऊन बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

वापरलेली गाडी: आधी कागद

गाडीवर हात फिरवण्याआधी आरसीचा फोटो मागवा आणि एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाका. कितवा मालक, कोणत्या बँकेचा बोजा, इन्शुरन्स कधीपर्यंत, आणि उत्पादनाचा महिना. नोंदणी २०१९ ची आणि उत्पादन २०१८ चं असेल तर भाव २०१८ चा. ई-चलन थकलं असेल तर ते विकणाऱ्याने भरायचं.

इन्शुरन्स पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के लिहिलाय ते वाचा. क्लेम नसलेल्या गाडीला तो २० पासून चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो. सहा वर्षांच्या गाडीवर शून्य किंवा २० दिसला आणि मालक ‘एक ओरखडा नाही’ म्हणतोय, तर क्लेम कशाचा होता ते विचारा. पॉलिसी मधे खंडित झाली असेल तरी बोनस जाऊ शकतो, पण तेही कळायला हवं.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल सेडान महाराष्ट्रात बऱ्याच दिसतात, कारण तिथे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती. अशा गाडीला मूळ आरटीओची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो किती ते आरटीओत विचारून भावात धरा.

होंडाच्या जुन्या सिटी, सिव्हिक, अकॉर्डमध्ये ताकाता कंपनीचे एअरबॅग होते. उष्ण-दमट हवेत त्यातलं रसायन बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत हा धोका जास्त. होंडाच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की बदल बाकी आहे का ते कळतं, आणि तो फुकट होतो.

मग गाडी

सकाळच्या उजेडात बघा, ओल्या गाडीला किंवा रात्रीच्या दिव्यात कधीच नाही. पोहोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी मुद्दाम आधी चालू करून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन चालू करताना मागे एक माणूस उभा करा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर तिथेच निरोप घ्या.

मीटर मागे फिरवणं अवघड नाही, म्हणून आकड्यावर नाही, झिजेवर विश्वास ठेवा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. २०१९ ची गाडी २८ हजार किलोमीटर दाखवतेय आणि चारही टायर २०२३ चे, तर पहिले टायर कुठे गेले? कंपनीचे टायर इतक्या लवकर संपत नाहीत. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड यांच्याशी ताळा जुळवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढून घ्या.

सगळ्या काचांवर उत्पादनाची खूण असते. एकीचं साल वेगळं असेल तर ती काच बदललेली आहे. बोनेटच्या बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालाय का पाहा. स्टेपनी बाहेर काढून खालचा पत्रा बघा, मागून बसलेला धक्का तिथे लपत नाही. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र गॅरेजवाल्याकडे असतं: कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, अडीचशेच्या वर पुन्हा रंगवलेला, हजाराच्या पुढे आत पुट्टी. एखादा दरवाजा रंगवलेला असणं हा गुन्हा नव्हे. खांब, छत आणि पुढच्या चासीच्या पट्ट्या मात्र मूळच्याच हव्यात.

पुरात बुडालेली गाडी ही सगळ्यात वाईट खरेदी. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये, चिपळूण-महाडला जुलै २०२१ मध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या पुढे दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालची माती, फ्यूज बॉक्समधला हिरवट थर बघा. आत शिरताच अत्तराचा फार घमघमाट येत असेल तर काचा बंद करून पाच मिनिटं बसा. मोठ्या सेडानमध्ये बरेच कंट्रोल युनिट सीटखाली आणि पायाशी असतात. पाणी लागलं की एकेक करून दोन वर्षं ते बंद पडत राहतात.

चक्कर निदान पाऊण तासाची हवी. घरचे चार जण बसवा. गर्दी, खराब रस्ता आणि चढ, तिन्ही हवेत. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट पुरेसा आहे. डीएसजी असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना धडधड लागते का, चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे घसरते का ते बघा. त्यानंतर हजार-दोन हजार रुपये मोजून गाडी लिफ्टवर चढवा आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर लावा. स्कॅनरवर एरर एकही नाही, पण तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतोय, म्हणजे कालच कुणीतरी एरर पुसलेत.

नवी असेल तर

सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल सेडानवर जीएसटी सरसकट ४० टक्के आहे. आधी सेससकट ४५ ते ४८ पडत होता. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के रोड टॅक्स. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, तेव्हा ‘धंद्याच्या नावावर घेऊ’ म्हणण्याआधी सीएला विचारा. १५ लाख एक्स-शोरूमच्या गाडीला १,८०,००० टॅक्स आणि १५ हजार टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर. टीसीएस पुढे आयकरात वळता करता येतो. इन्शुरन्स बाहेरून घ्यायची मुभा आहे, आणि हँडलिंग चार्ज नावाची ओळ खोडायला सांगा.

नोंदणीच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा. चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना, टायरच्या तारखा, रंग. एकदा नंबर पडला की बदलून मिळत नाही.

पैसे आणि नाव

जुन्या गाडीला इसार थोडाच द्या आणि पावती घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर, तुमचं नाव भरलेल्या अवस्थेत व्हायला हव्यात. कोऱ्या फॉर्मवर व्यवहार नको. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या ठेवा.

इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. फास्टॅग त्याचा त्याने बंद करायचा, तुमचा नवा लावायचा. पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि सगळे फिल्टर बदला, मागच्या मालकाने ‘आत्ताच केलंय’ म्हटलं तरी. शिवाय खरेदीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवा.