कंट्रोल व्हॉल्व्ह चढवण्याआधी लाइन धुऊन घ्या

नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी असो की हिंगणा, शटडाऊनमध्ये (दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना) घाई असतेच. तरी नव्या लाइनमध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह (प्रवाह आपोआप कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) थेट बसवू नका. त्या जागी तेवढ्याच लांबीचा स्पूल, म्हणजे पाइपचा तुकडा, लावून लाइन फ्लश करा. वेल्डिंगची खपली प्लग (आतला हलणारा भाग) आणि सीटच्या (त्याची बैठक) मध्ये अडकली, की कोरा व्हॉल्व्हही पहिल्या दिवसापासून गळतो.

जुना काढताना दोन्ही बाजूंचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून कुलूप-टॅग लावा, ड्रेन उघडा. गेज शून्यावर आहे एवढ्यावर अजिबात विसंबू नका, चोंदलेल्या ड्रेनमागे दाब अडकून राहतो. अ‍ॅक्च्युएटरची (हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह हलवणारा भाग) हवा तोडताना स्टेमजवळ (व्हॉल्व्हचा दांडा) हात नको. हवा सुटली की स्प्रिंग स्टेमला झटक्यात सरकवते, बोटं चिरडतात.

उचलताना पट्टा बॉडीला बांधा, पोझिशनरला (स्टेम नेमक्या जागी ठेवणारं उपकरण) नाही. बॉडीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा. फ्लँज (बोल्टने जोडायच्या कडा) जुळत नसतील तर बोल्ट आवळून ओढू नका, सपोर्ट सरळ करा. नाहीतर पाइपचा ताण व्हॉल्व्हवर येतो. गॅस्केट नवीच, बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने.

आणि नागपूरचा मे लक्षात ठेवा: 45 अंशांच्या उन्हात उघड्यावरच्या पोझिशनरवर पत्र्याची सावली कराच.