रीफ टँकचं पाणी: बाकी सगळं नंतर, आधी केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) बघायला शिका

माझा रीफ टँक, म्हणजे कोरल (पोवळी) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा फिश टँक, तीन फुटी आहे, पुण्यात, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. काचेच्या मापाने १९० लिटर भरतो पण आत दगड आणि वाळू आहे, त्यामुळे खरं पाणी धरा १६० लिटर. हे आधीच सांगतो कारण डोसिंगचा, म्हणजे पाण्यात क्षार मोजून टाकायचा, हिशोब बरेच जण काचेच्या मापाने करतात आणि मग औषध जास्त पडतं. आत लेदर, मश्रूम, झोआ, झेनिया असली सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ पोवळी आहेत. स्टोनी कोरल म्हणजे कडक पोवळं आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या रांगेत, त्यामुळे मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात तर तुटका तुकडासुद्धा खिशात घालू नका.

आता पाणी. किचनमधल्या आरओचं चालेल का हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. नाही चालत. घरच्या आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, माझ्याकडे मीटर लावून बघितलं तर ६५ दाखवत होतं. त्यातून सिलिकेट, फॉस्फेट येतात आणि वाळूवर तपकिरी थर धरतो. टँकसाठी आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा) डबा लागतो, त्या पाण्याला आरओडीआय म्हणतात, आणि मीटरवर शून्य यायला हवं, १-२ दिसायला लागलं की रेझिन बदलायची. आणि हो, आईने तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलं पाणी कितीही शुद्ध वाटलं तरी टँकमध्ये नको, तांबं कोळंबी, गोगलगाई आणि कोरल सगळ्यांना मारतं.

मीठ साधारण लिटरला ३५ ग्रॅम, वेगळ्या बादलीत पंप आणि हीटर लावून रात्रभर फिरवायचं, मग मापायचं. सॅलिनिटी म्हणजे खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे एसजी (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२६ च्या आसपास. खारटपणा मापायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या साध्या पाण्यावर शून्याला लावू नका, ३५ चं कॅलिब्रेशन फ्लुइड मिळतं त्यावर लावा, कारण आपल्याला शून्य मोजायचंच नाहीये. एप्रिल-मेमध्ये मी वर पंखा लावतो तेव्हा रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, मीठ मात्र उडत नाही, ते आतच राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओडीआयची, खाऱ्या पाण्याची नाही. नवीन माणूस इथे हमखास चुकतो.

आता मुद्द्यावर येतो. केएच, म्हणजे अल्कलिनिटी. समुद्रात ती ७ डीकेएचच्या (हे तिचं एकक) जवळ असते, आपण टँकमध्ये ७.५ ते ९ मध्ये कुठेतरी ठेवतो, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखात इतके भाग), मॅग्नेशियम १२८० ते १३५०. कोरल, गोगलगाय, काचेवरचं जांभळं कोरलाइन शेवाळ, सगळे कवच किंवा सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि कार्बोनेट एका ठराविक प्रमाणात घेतात, १ डीकेएच खर्च झाला की कॅल्शियम साधारण ७ पीपीएम कमी होतं. आता बघा, ८ वरून ७ म्हणजे आठवा हिस्सा गेला, आणि ४२० वरून ४१३ म्हणजे टेस्ट किटवर धड दिसतसुद्धा नाही. केएच म्हणजे खिशातले पैसे आणि कॅल्शियम म्हणजे एफडी, खर्च आधी खिशात कळतो. म्हणून केएच आठवड्यातून दोनदा बघा, कॅल्शियम पंधरा दिवसांनी, मॅग्नेशियम महिन्याने. परदेशातली जी मंडळी एसपीएस (बारीक तोंडांची कडक पोवळी) ठेवतात त्यांना केएच रोज बघावा लागतो, तिथे खर्चच तसा असतो.

टेस्ट करताना वेळ एकच ठेवा. दिवसा लाइट चालू असताना कोरल जास्त बांधतात, त्यामुळे सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा वेगळा येऊ शकतो आणि आपण उगाच घाबरतो. मी नेहमी सकाळी लाइट लागायच्या आधी, चहा उकळेपर्यंत. बाटली आधी टँकच्याच पाण्याने विसळायची, सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर माप चुकतं, रिएजंट (किटमधलं रसायन) हलवून घ्यायचं, आणि रंग टँकच्या निळ्या लाइटखाली बघायचा नाही, खिडकीत जायचं. सॅलिफर्ट कंपनीच्या किटमध्ये रंग हिरवट निळ्यावरून गुलाबी-नारिंगीवर जातो, शेवटचे थेंब एकेक टाकायचे आणि रंग बदलून टिकला की थांबायचं. तुमचं "थांबायचं" आणि माझं "थांबायचं" थोडं वेगळं असेल, त्याने बिघडत नाही, पण तुमचं दर वेळी तेच असायला हवं. हॅना कंपनीचा चेकर (रंग स्वतः वाचून आकडा दाखवणारं छोटं मीटर) असेल तर काचेची कुपी पुसून घाला, बोटाचा ठसासुद्धा आकडा हलवतो.

आता माझा गाढवपणा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात केएच ५.५ आला, मी घाबरलो आणि त्याच संध्याकाळी तीन डीकेएच वाढवेल इतका खायचा सोडा एकदम ओतला, दुसऱ्या दिवशी मित्राच्या किटवर बघितलं तर ११ च्या वर. किट टँकच्या वरच्या फळीवर लाइटच्या गरमीत ठेवलेलं, तारीखही उलटून गेलेली, म्हणजे केएच कधी पडलाच नव्हता. लेदर दोन आठवडे मिटून बसलं, अर्धी झेनिया गेली. तेव्हापासून किट कपाटात गार जागी असतं आणि विचित्र आकडा आला की आधी किटवर शंका घेतो, पाण्यावर नंतर.

शंका फेडायची सोपी युक्ती आहे. सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा घ्या, ३ ग्रॅम खायचा सोडा (बेकिंग पावडर नाही, साधा सोडा) एक लिटर आरओडीआयमध्ये विरघळवा, हे झालं १०० डीकेएचचं पाणी. त्यातलं १० मिली घेऊन शुद्ध पाण्याने १०० मिली करा, हे झालं १०. आता तुमच्या किटने मापा, १० च्या आसपास आलं तर किट ठीक, ८ किंवा १२ आलं तर फेकून द्या.

खरंच कमी असेल तर हिशोब असा, १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा टाकला की १ डीकेएच वाढतो, माझ्या १६० लिटरला ४.८ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. कपभर आरओडीआयमध्ये विरघळवून जिथे पंपाचा प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू. एका दिवसात अर्धा डीकेएच, फार तर एक, त्याच्यावर नाही. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, १०० लिटरला ३.७ ग्रॅमने १० पीपीएम वाढतं, पण हे आणि सोडा पाठोपाठ एकाच जागी टाकू नका, पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि दोन्ही वाया जातं. कितीही टाकलं तरी दोन्ही टिकतच नसेल तर मॅग्नेशियम बघा, ते कमी असलं की चुना आपोआप साका बनून खाली बसतो, बहुतेक वेळा हीटरवर आणि पंपात.

चुन्यावरून आठवलं, फोरेनर लोक ज्याला कल्कवासर म्हणून भारी काहीतरी समजतात ती आपल्या आजीची चुन्याची निवळी. वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंबथेंब सोडलं की कॅल्शियम आणि केएच दोन्ही बरोबरीने मिळतं. पीएच मात्र १२ च्या वर असतो, एकदम ओतलं तर टँक संपला. आणि पानाच्या डबीतला चुना नको, त्यात काय काय असतं देव जाणे, चांगल्या ग्रेडचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. पण सॉफ्ट कोरलच असतील तर खरं सांगू, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललंत तर बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. फक्त मीठ बघून घ्या, काही मिठांचं पाणी ८ डीकेएचचं बनतं आणि काहींचं थेट १२ चं.

पीएचच्या मागे लागू नका. ७.८ ते ८.४ मध्ये असला की पुरे. रात्री एसी लावून खोली बंद केली आणि चार माणसं झोपली की खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच खाली येतो, त्याला औषध म्हणजे खिडकी उघडणं, पीएच वाढवायची बफर पावडर नाही.

खाणं आणि विष्ठेतून साठणारं नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. शून्य आलं की लोक पेढे वाटतात, पण दोन्ही शून्यावर असलं की कोरल फिके पडतात आणि डायनो नावाचा चिकट तपकिरी शेंबूड वाढायला संधी मिळते. हॅनाचा फॉस्फरसवाला चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवतो, त्यावर १० दिसलं म्हणजे फॉस्फेट ०.०३, तेवढं लक्षात ठेवा नाहीतर दहा बघून धाबं दणाणतं.

गणपतीत गावी जाताना मी काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारतो, आरओडीआयच्या बाटल्या भरून ठेवतो आणि खाणं दिवसागणिक कागदाच्या पुड्यांत बांधून शेजारच्या काकूंकडे देतो, मागच्या वर्षी डबाच दिला होता तर मासे बारीक दिसतायत म्हणून त्यांनी रोज मूठभर टाकलं. सोडा, कॅल्शियम सगळं कपाटात कुलूपबंद. दहा दिवसांत केएच पडून पडून अर्धा-एक पडतो, तो आल्यावर तीन-चार दिवसांत हळूहळू भरून काढता येतो.