मुलगा ‘मी गे आहे’ म्हणतो आणि आपलंच जुनं बोलणं आड येतं तेव्हा

मुलगा हे सांगायला येतो तेव्हा त्यानं कित्येक महिने आपलं बोलणं ऐकून ठेवलेलं असतं. टीव्हीवरच्या कुणाला ‘बायल्या’ म्हणून आपण हसलो, ते त्याच्या पक्कं लक्षात आहे. म्हणून नुसतं ‘आम्हाला चालेल’ म्हटल्यानं त्याचा जीव भांड्यात पडत नाही.

पहिल्या वेळी कमी बोला. ‘सांगितलंस, बरं केलंस. तू आमचाच आहेस,’ एवढं पुरतं. ‘नक्की का?’, ‘कुणाच्या नादी लागलास?’ हे ओठांवर आलं तरी गिळा. रडू आवरत नसेल तर दुसऱ्या खोलीत जा, नाहीतर तोच तुमची समजूत काढत बसतो.

माफी दोन-तीन दिवसांत, दोघंच असताना मागा, आणि नेमकी मागा: ‘त्या दिवशी मी तो शब्द वापरला, तू समोर होतास. माझं चुकलं.’ ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हटलं की दोष त्याच्या वाटण्यावर जातो आणि माफी वाया जाते. तो लगेच ‘असू दे’ म्हणेल, अशी आशा धरू नका. त्याचा विश्वास बसतो तो पुढे, एखादा पाहुणा तसाच विनोद करतो आणि तुम्ही ‘आमच्याकडे असं बोलायचं नाही’ म्हणून विषय तोडता तेव्हा. त्या क्षणी मुलाकडे मात्र पाहू नका. एका नजरेत सगळ्यांना कळतं. आजी असो वा वर्गशिक्षक, कुणाला सांगायचं ते तोच ठरवणार.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्यांकडे नेलं तर मुलाची लाज आणि नैराश्य वाढतं. समुपदेशकाला पहिल्याच फोनवर विचारा: ‘हे बदलता येतं असं तुम्ही मानता का?’ स्पष्ट ‘नाही’ आलं नाही, तर दुसरा शोधा.

शाळेत छळ होत असेल तर तारीख, जागा, वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तक्रारीत शिवीगाळ आणि मारहाण लिहा. तो गे आहे हे त्याच्या परवानगीशिवाय लिहू नका.

झोप उडाली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, ‘मी नसतो तर बरं’ म्हणाला, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलुपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.