चॉकच्या टेकडीवर फिरायला जाताय? या चुका टाळा

लंडनमधली आपली मंडळी उन्हाळ्यात चिल्टर्न हिल्सला, म्हणजे चॉकच्या (मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या) टेकड्यांवर जातात, ऑक्सफर्डशायरमधलं ॲस्टन रोवंट हे नेचर रिझर्व्ह त्यातलं सोयीचं, एम४० मोटरवे लागूनच आहे. म्हणजे लागून कसला, मोटरवे रिझर्व्हच्या मधूनच कापून नेलाय, त्यामुळे शांतता वगैरे विसरा. पण तिथून परत आलेले बरेचजण म्हणतात, नुसतं गवत तर होतं!

अहो, कासच्या पठारासारखा फुलांचा गालिचा शोधत गेलात तर असंच होणार. इथली फुलं बारीक, कितीतरी बोटभर उंचीचीसुद्धा नाहीत. चॉकवर माती अगदी पातळ आणि निकस, म्हणून कुठलंच एक झाड माजत नाही आणि चांगल्या जागी एका चौरस मीटरात ४० जातींपर्यंत वनस्पती सापडतात. सरळ खाली बसा.

बसताना बघून बसा मात्र! गवताचे जे गोल उंचवटे दिसतात ती पिवळ्या मुंग्यांची वारुळं असतात, त्यांवर बऱ्याचदा रानटी थाइम उगवतं, पान चुरडून वास घेतलात तर ओवा आठवेल. चॉकहिल ब्लू फुलपाखराच्या अळ्या मुंग्यांना गोड रस देतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात, तेव्हा वारुळावर बूड टेकवू नका प्लीज.

फुलपाखरं दिसत नाहीयेत? ढग असतील तर ती गवतात दडून बसतात, ऊन येईपर्यंत थांबा आणि उन्हाकडच्या उतारावर जा. महिनाही बघा, जूनमध्ये बी ऑर्किडची फुलं, चॉकहिल ब्लू जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, चिल्टर्न जेन्शियनचं फूल हवं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर.

कुत्रा नेणार असाल तर मेंढ्यांजवळ पट्टा हवाच. आणि त्याची घाण उचला, ती खत होते, खतावर दांडगं गवत माजतं आणि नाजूक फुलं जातात. मेंढ्या तिथे शोभेला नाहीत, त्यांनी चरलं नाही तर सगळीकडे झुडपं होतील.

शॉर्ट्स घालून गवतात लोळू नका, गोचिडी असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा आणि चावल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा आला तर लाइम डिसीजची शंका धरून डॉक्टर गाठा. पावसानंतर ओला चॉक भयंकर घसरतो, गुळगुळीत तळाचे स्नीकर्स नकोत. पाणी, डबा घरून न्या, कॅफे, संडास गृहीत धरू नका.

आणि त्या डब्यातलं चिकन वर घिरट्या घालणाऱ्या रेड काइटना (तांबूस घारींना) टाकू नका. १९८९ ते १९९४ मध्ये स्पेनहून पिल्लं आणून त्यांना चिल्टर्न्समध्ये पुन्हा वसवलंय, आता पोटापुरतं शोधायला ती समर्थ आहेत.