दसऱ्याचं तोरण घरीच ओवा

शरदातलं घर सजवायला दारापासून सुरुवात करावी. मुंबईच्या दोन खोल्यांत सामान हलवून नवी मांडणी करायला जागा कुठे असते? दार मात्र प्रत्येकाला असतं. लालबागच्या आमच्या चाळीत दसऱ्याला अख्खी गॅलरी झेंडूने पिवळी होते. प्लास्टिकचं तोरण मी आमच्या चौकटीला लावू देत नाही. या दिवसांत शेतात जे पिकलं, फुललं ते दारावर यावं, म्हणून तर तोरण.

आधी ओल काढा. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, आणि दसरा कधीकधी त्याच्याही आधी येतो. चौकटीवर बुरशीचे डाग असतील तर व्हिनेगरने पुसा, पंखा लावून दार खडखडीत वाळू द्या. उंबरठ्याला गेरू त्यानंतरच, ओलसर लाकडावर तो नीट बसत नाही.

फुलं दादर पश्चिमेच्या फुलबाजारातून आणा. आदल्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि भावही चढलेला असतो, म्हणून दोन दिवस आधी पहाटेच जावं. ढिगातलं एखादं फूल उचलून देठाकडची हिरवी वाटी दाबून बघा. ती टणक हवी. मऊ लागली किंवा आत पाणी साचलेलं दिसलं तर तो ढीग सोडा, रंग कितीही छान असला तरी. तीन फुटी दाराला मध्यम आकाराची अर्धा किलो फुलं पुरतात. घरी आल्याबरोबर पिशवीतून काढून वर्तमानपत्रावर पसरा. पिशवीत राहिली की रात्रीत काळी पडतात.

बाजाराबाहेर पालघर, शहापूरकडच्या बायका भाताच्या लोंब्या आणि आंब्याचे डहाळे घेऊन बसतात. लोंब्या त्यांच्याकडूनच घ्या. आणि भावात घासाघीस करू नका. रात्रीपासून निघालेल्या असतात त्या.

आता ओवणं. जाड दोरा दुहेरी घ्या, लांबी दाराच्या रुंदीहून हातभर जास्त. दोऱ्यावर मेणबत्ती घासली की तो फुलांत अडकत नाही. बहुतेक जण सुई फुलाच्या मधोमध घालतात. तशी माळ गळ्यात घालायला ठीक, पण दारावर फुलांची तोंडं आडवी वळतात. सासूबाईंनी मला शिकवलं ते असं: सुई हिरव्या वाटीतून आडवी काढायची, म्हणजे प्रत्येक फूल येणाऱ्याकडे बघतं. दर चार-पाच फुलांनंतर आंब्याचं एक पान. पानाचा देठाकडचा भाग दोऱ्यावरून मागे दुमडून झाडूच्या हिराने टाचायचा. गाठ मारत बसू नका, वाळताना पान फाटतं. लोंब्यांची जुडी मध्यभागी, कणसं खाली लोंबतील अशी. तिला सुतळीच हवी, साध्या दोऱ्यातून ती घसरते.

तोरण ताणून बांधू नका. मध्ये थोडा झोल असू द्या, पण घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्याला लागणार नाही इतकाच.

दाराशेजारी कंदिलासाठी मजबूत हूकही आताच ठोकून घ्या, दिवाळी दसऱ्यापासून वीसच दिवसांवर असते. बांबूच्या कामट्यांचा कंदील माहीमच्या कंदील गल्लीत मिळतो. घरी करणाऱ्यांनी कामट्या आणि पतंगी कागद आधीच आणून ठेवावेत.

फुलं मलूल झाली की झेंडूची माळ उतरवा; लोंब्या दिवाळीपर्यंत खुशाल राहू द्या. गॅलरीत चिमण्या त्यांवर येतात, त्यांना हाकलू नका. उतरवलेली फुलं सावलीत कडक वाळवून कुस्करा. आतल्या काळ्या, बारीक काड्यांसारख्या बिया कुंडीत मातीच्या पातळ थराखाली पेरा आणि हाताने पाणी शिंपडा. पाटाच्या पाण्यासारखं धो-धो ओतलं तर बी वाहून जातं. आठवड्याभरात कोंब दिसू लागतात. कुंडी मात्र भरपूर ऊन येणाऱ्या कठड्याशी ठेवा, सावलीत झेंडू नुसता उंच वाढतो आणि फुलत नाही.