परदेशी सेवेला निघालेल्यांसाठी: प्रार्थनापत्राच्या सापळ्याविषयी

आमच्या चर्चच्या तरुण संघातलं कुणी परदेशात मिशनच्या सेवेला निघालं की मला फोन येतो. सामान किती घेऊ, तिकडे जेवायला काय असतं, भाषेचं कसं होईल? मी केनियात मोंबासाजवळच्या एका मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांत, राहून आले आहे, म्हणून विचारतात. या प्रश्नांचं कसंही निभावतं. जे कुणी विचारत नाही, त्याबद्दलच मला जास्त सांगायचं आहे.

आधी कागदपत्रं. केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, घ्यावा लागतो. जे करायला जाताय तेच त्यात लिहा. ‘टुरिस्ट लिहून टाक, कोण विचारतंय’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. प्रभूच्या कामाची सुरुवात खोट्याने करायची नसते. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस त्या पूर्ण करा. झालं.

आता खरा धोका. तुमचा खर्च मंडळीने उचललेला असतो. महिला मंडळाने फराळ विकून पैसे जमवलेले असतात, एखाद्या निवृत्त शिक्षकांनी पेन्शनमधून पाकीट दिलेलं असतं. म्हणून दर आठवड्याला प्रार्थनापत्र, म्हणजे सेवेची खबर आणि प्रार्थनेचे विषय कळवणारं पत्र, घरी पाठवायचं ठरतं. इथवर सगळं योग्यच आहे. पण पत्र शनिवारी जायचं असतं आणि बुधवारपासून डोक्यात एकच घोळत राहतं: या वेळी काय लिहू? किती मुलं आली, कुणी प्रार्थनेसाठी हात वर केला? आजाऱ्याच्या खाटेशी बसल्या बसल्या मनात मजकूर जुळायला लागतो. ‘देवाने मला या आठवड्यात धीर शिकवला’ हे वाक्य धीर शिकण्याआधीच तयार असतं. मी यात पुरती अडकले होते. बाहेरून ही आत्मिक वाढच दिसते. घरून ‘आमेन’ येतं, हात जोडल्याची चित्रं येतात. आत मात्र शांत वेळ उरलेली नसते. पवित्र शास्त्र उघडलं तरी डोळे पत्रात घालायला वचन शोधतात. ताप आला, सोबतिणीशी अबोला झाला, घरच्या आठवणीने रडू आलं, असे आठवडे पत्रात मावत नाहीत, म्हणून ते फुकट गेले असं वाटू लागतं. मला ज्या आठवड्यांनी बदललं, ते नेमके हेच होते.

लूकच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय निघण्याआधी सावकाश वाचा. प्रभूने सत्तर जणांना पाठवलं तेव्हा ‘एकाच घरात राहा, जे वाढतील ते खा’ अशा साध्या गोष्टी सांगितल्या. ते परतले ते यशाची बातमी घेऊन, आनंदाने. त्यावर प्रभू म्हणाला, याचा आनंद मानू नका. तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. आपण पहिला भाग उपदेशात ऐकतो आणि दुसरा विसरतो.

माझी गाठ सुटली ती तिथल्या स्वयंपाकघरात. मी शब्बाथ शाळेचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाचे, धडे, चित्रं, गाणी अशी सगळी तयारी नेली होती. रविवारचं जेवण बघणाऱ्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला खवणीवर बसवलं. तिकडची खवणी म्हणजे बुटकं लाकडी आसन आणि पुढे आलेली दातेरी लोखंडी पट्टी. आसनावर बसून तिच्यावर नारळाची वाटी फिरवायची. मला आपल्या विळीवरच्या खवणीची सवय, म्हणून मी जोर लावला आणि करवंटीचा तपकिरी चुरा पांढऱ्या खोबऱ्यात पडला. बाई काही बोलल्या नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी वाटी हलक्या हाताने, कडेकडेने फिरवायला लावली. मग तो कीस पाण्यात कोळून, मुठीत पिळून दूध काढायचं आणि ते शिजलेल्या राजम्यात घालायचं. पुढे दर रविवारी मी तिथेच बसले. मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून मोडक्या स्वाहिलीत आम्ही खूप बोललो. त्यांनी काय सांगितलं ते मी घरी लिहिलं नाही, इथेही लिहिणार नाही.

म्हणून माझं मत: सल्ला घ्यायला माणूस तिथल्या मंडळीतला शोधा, शक्यतो पिशवी घेऊन बाजारात जाणारा. आपल्या टीमचा पुढारी तुमच्याइतकाच नवखा असतो. आणि निघण्यापूर्वी, गेल्या महिन्यात परतलेल्यापेक्षा चार-पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्याला गाठा. जे टिकलं ते तोच सांगेल.

नाशिककरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपल्या शरणपूरची ख्रिस्ती मिशन वस्ती १८५४ ची. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६० च्या दशकात मोंबासाजवळच्या रबाईला सेवेसाठी गेले. तिथेच शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीला शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. शरणपूर रोडवरून रोज जाताना मला याचा अभिमान वाटतो. पण तिकडे जाऊन ‘आम्ही तुम्हाला माणसं दिली’ असं बोलू नका. ती त्यांचीच माणसं होती, त्यांच्यापासून हिरावून नेलेली.

मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका, पाठवू तर मुळीच नका. याला अपवाद नाही.

घाबरू मात्र नका. उपासना तीन तास चालली तरी सवय होते. नंतर अंगणात अर्पणात आलेल्या अंडी, केळी, कोंबड्यांचा लिलाव होतो, अगदी आपल्या कापणीच्या सणासारखा. तेव्हा घर आठवेल, तर आठवू द्या. प्रार्थनापत्र महिन्यातून एकदाच पाठवीन असं जाण्याआधीच सांगून ठेवा. मी हे मधेच सांगितलं तेव्हा, ज्यांना वाईट वाटेल अशी मला भीती होती, त्याच महिला मंडळाच्या मावशी म्हणाल्या, ‘बाई, तू नीट जेवतेस ना, एवढं कळलं तरी पुरे.’ आणि परतल्यावर पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, बोलावतील, तेव्हा पाळकसाहेबांकडे दोन-तीन महिन्यांची मुदत मागून घ्या. ते देतात.