ओळखचोराला तुकडे मिळतात कुठून, आणि ते आवरायचे कसे

शाळेतल्या मैत्रिणींना सापडावे म्हणून फेसबुकवर माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे लिहायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असतेच. वाढदिवसाला केकवर ‘५०’ची मेणबत्ती लागली की जन्मवर्षही कळले. आईच्या वर्षश्राद्धाची पोस्ट टाकली की तिचे नाव. बँकेला फोन केल्यावर पडताळणीसाठी जे विचारतात त्यातले बरेचसे इथेच जमा झाले. ओळखचोराला, म्हणजे तुमच्या नावाने पैसे, सिम किंवा कर्ज काढणाऱ्याला, हेच तुकडे हवे असतात.

आता एक फाइल बघा. आधार डाउनलोड केल्यावर मिळणाऱ्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली ४ अक्षरे (कॅपिटल) आणि जन्मवर्ष. ही फाइल झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल, तर तिचे कुलूप उघडायला तुमच्या वाढदिवसाचा फोटो पुरतो. प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणाचा पासवर्डही पॅन आणि जन्मतारीख जोडूनच होतो. पॅनच्या १० अक्षर-अंकांपैकी चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर, तेव्हा तिथेही अंदाजाचे काम थोडे हलकेच.

पायरी १. जन्मवर्ष आणि नाती झाका. फेसबुकच्या प्रोफाइलमध्ये जन्मदिवस आणि जन्मवर्ष यांच्या सेटिंग वेगवेगळ्या असतात. वर्ष ‘ओन्ली मी’ करा, शुभेच्छा येतच राहतील. मोबाइल नंबर आणि कुटुंबीयांची यादीही तशीच झाका. जुन्या पोस्टमध्ये बोर्डिंग पास, नव्या गाडीची नंबर प्लेट, मुलाचा निकाल, घराच्या चावीसोबत करारनाम्याचे पान असे काय काय निघते, ते एकदा स्वतःच चाळून काढा.

पायरी २. आधार द्यायचेच असेल तर मास्क्ड द्या. मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करा, ‘डाउनलोड आधार’ उघडा आणि मास्क्ड आधारच्या चौकटीत टिक करा. पहिले ८ अंक झाकलेली प्रत मिळते. एक लक्षात ठेवा: तिच्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो तसाच असतो. म्हणून प्रतीवर ‘फक्त अमुक जागेच्या भाडेकरारासाठी’ असे तारखेसह लिहा, तेही मजकुरावरून आडवे. कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेत लिहिलेले कापून टाकायला दोन सेकंदही लागत नाहीत.

प्रिंट काढायची तर पेन ड्राइव्ह बरा. पण पेन ड्राइव्हवरून फाइल आधी डेस्कटॉपवर ओढून घ्यायची सवय दुकानात असते. ती प्रत पुसून रीसायकल बिनही रिकामा करायला सांगा. लाजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीच असेल तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालते, आणि समोरच्याने वेगळी जतन केलेली प्रत त्याने पुसली जात नाही.

पायरी ३. बोटांचे ठसे लॉक करा. आधार-आधारित पेमेंटमध्ये (केंद्रावर अंगठा लावून खात्यातून पैसे काढायची सोय) पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा लागतो. ना ओटीपी, ना पिन. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल बनवून खाती रिकामी केल्याची प्रकरणे पोलिसांनी उघड केली आहेत. मायआधारवर किंवा आधारच्या अ‍ॅपमध्ये ‘लॉक बायोमेट्रिक्स’ करा. ओटीपीने होणारी कामे चालू राहतात.

यात गोची होते ती रेशन दुकानात. घरातल्या आजीचे बायोमेट्रिक लॉक केले आणि तिला सांगायचे राहिले, तर ई-पॉस यंत्रावर तिचा अंगठा काही केल्या जुळणार नाही. अशा वेळी अ‍ॅपमधून तात्पुरते अनलॉक करता येते. थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लॉक होते. मायआधारवरच ऑथेंटिकेशन हिस्ट्रीही आहे. तुमचे आधार कधी आणि कोणत्या प्रकारे पडताळले गेले, याची मागच्या ६ महिन्यांची यादी तिथे दिसते. तुम्ही न केलेल्या पडताळणीची नोंद दिसली तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर फोन करा.

पायरी ४. तुमच्या नावावर सिम किती, ते मोजा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. अनोळखी नंबरासमोर ‘नॉट माय नंबर’ निवडून तक्रार नोंदवा. एका व्यक्तीला जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे ६), म्हणजे चोराला जागा भरपूर. घरात बाकीच्यांच्या फोनला रेंज आहे आणि फक्त तुमचाच अचानक ‘नो सर्व्हिस’ दाखवतोय, तर टॉवरला दोष देत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला फोन करा. कोणीतरी तुमच्या नावाने नवे सिम काढून घेतल्याची ती खूण असू शकते.

पायरी ५. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, वाचा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार क्रेडिट संस्थांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दर ३ महिन्यांनी एकाचा मागवला की वर्षभर लक्ष राहते. बहुतेक लोक नुसता स्कोअर बघतात. खरी जागा शेवटच्या पानांवर, ‘एन्क्वायरी’ सदरात असते: तुम्ही कधी दारात पाऊल न ठेवलेल्या कंपनीने तुमचा रिपोर्ट तपासला असेल, तर तुमच्या पॅनवर कोणीतरी कर्ज मागितले आहे. पत्ता आणि फोनच्या सदरात अनोळखी नंबर दिसला तरी तेच समजा.

नुकसान झालेच तर. पैसे गेले असतील तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला, आणि तो मिनिटांत. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत गोठवले गेले तरच परत मिळण्याची आशा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करून पोचक्रमांक जपून ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली ओळखचोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पोलीस ठाण्यातल्या अर्जात कलमाचा उल्लेख करा.

खोट्या कर्जाबद्दल क्रेडिट संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी हरकत द्या. सोबत तक्रारीची प्रत जोडा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दरम्यान वसुलीवाला फोन करून ‘निदान एक हप्ता तरी भरा, मग बघू’ म्हणेल. तो हप्ता भरू नका. उद्या तोच हप्ता तुम्ही कर्ज कबूल केल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जाऊ शकतो.